गोळ्याआधी पाय

महाराष्ट्र पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यांतले १५ गुण गोळाफेकीचे. पुरुषांना ७.२६० किलोचा गोळा, महिलांना ४ किलोचा. तालुक्याच्या कुठल्याही मैदानावर पहाटे चक्कर मारा, या १५ गुणांसाठी घाम गाळणारी पोरं-पोरी दिसतील. धावण्याचं गणित त्यांना कळलेलं असतं. रोज पळालं की दम वाढतो, वेळ कमी होते. गोळ्याचं तसं नाही. जोर, बैठका, डंबेल्स सगळं करून झालं तरी गोळा परवा पडला होता तिथंच पडतो. मग शेजारचा सांगतो, ‘ताकद कमी पडतेय, खुराक वाढव.’

ताकद लागतेच. सव्वासात किलोचं लोखंड आहे ते, कौतुकाने पुढे जात नाही. पण भरतीच्या मैदानावर नीट बघितलं तर दिसतं की बहुतेकांचा गोळा एकट्या खांद्यातून जातो. कुणी जागेवर उभं राहून ढकलतो, कुणी आडवं उभं राहून एक उडी घेतो आणि मग ढकलतो. पाय पँटसारखे नुसते खाली लोंबत असतात. ही आडवी उडी जुनी आहे. सत्तरेक वर्षांपूर्वी ऑलिंपिकमध्येही अशीच चालायची. पॅरी ओब्रायन नावाच्या अमेरिकन पोराने १९५० नंतर तिला सुट्टी दिली. तो रिंगच्या मागच्या काठाशी चक्क पाठमोरा उभा राहू लागला. तिथून मागच्या मागे सरकत यायचं, अर्धं वळायचं आणि गोळा सोडायचा. गोळ्याला जोर लावायला रस्ता लांब मिळाला. त्याने १९५२ आणि १९५६ ची सुवर्णपदकं घेतली, १९६० ला रौप्य. १८ मीटर आणि १९ मीटर या दोन्ही वेशी जगात पहिल्यांदा त्यानेच ओलांडल्या. या पद्धतीला ग्लाइड म्हणतात. पुढची वीस-पंचवीस वर्षं गोळाफेक म्हणजे ग्लाइड, असंच समीकरण होतं.

थाळीफेकवाले मात्र तोवर कधीचे गोल फिरत होते. पॅरिसच्या १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये गोळा आणि थाळी दोन्हींचं सुवर्ण जिंकणाऱ्या बड हाउझरच्या काळापासून थाळी दीड गिरकी घेऊन सुटते. शेजारच्याच रिंगमध्ये कुणी फिरून फेकत असताना गोळेवाल्यांना ते सुचायला पन्नास वर्षं लागली, हे नवल वाटतं. पण अडचण खरी होती. थाळी हाताच्या टोकाला असते, फिरलं की ती आपसूक वेग घेते. गोळा मानेला चिकटलेला हवा, तसा नियमच आहे. तो मानेपासून खाली आला किंवा खांद्यांच्या रेषेमागे गेला की फाउल. आणि जोरात फिरलं की गोळा मानेपासून सुटून बाहेर पळायला बघतो. शिवाय थाळीची रिंग २.५० मीटर व्यासाची, गोळ्याची २.१३५. एवढ्याशा जागेत दीड गिरकी घ्यायची आणि समोरच्या १० सेंटिमीटर उंच स्टॉप बोर्डवरून पलीकडे पडायचं नाही.

ते जमवून दाखवलं दोघांनी, जवळपास एकाच सुमाराला. लेनिनग्राडचे प्रशिक्षक व्हिक्टर अलेक्सेयेव्ह यांचा चेला अलेक्झांडर बारिश्निकोव्ह याने १० जुलै १९७६ ला पॅरिसजवळ कोलोंबला बरोबर २२.०० मीटर फेकला. २२ मीटर गाठणारा तो पहिला अधिकृत विक्रमवीर. ‘अधिकृत’ म्हणायचं कारण ब्रायन ओल्डफील्ड. हा अमेरिकन गडी व्यावसायिक स्पर्धांत उतरायचा, म्हणून हौशी खेळाच्या त्या जमान्यात त्याची नोंद धरत नसत. त्याने १९७५ च्या मे महिन्यात एल पासोला फिरकी घेऊन २२.८६ मीटर टाकला होता. त्या दिवशी कागदावरचा विश्वविक्रम होता २१.८२. म्हणजे विक्रमापेक्षा एक मीटरहून जास्त! नियमांच्या चौकटीत बसला नाही म्हणून वहीत आला नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांनी फिरायला सुरुवात केली.

तरी सगळं जग लगेच फिरू लागलं असं नाही. पूर्व जर्मनीची शाळा ग्लाइडवर ठाम होती, आणि तिचा निकालही बघा. १९८८ मध्ये २३ मीटरची वेस पहिल्यांदा ओलांडणारा उल्फ टिमरमान ग्लाइडवाला, २३.०६. दोन वर्षांनी रँडी बार्न्सने फिरकीने २३.१२ टाकला, आणि त्याच वर्षी तो उत्तेजकांच्या चाचणीत सापडला. १९९८ ला त्याच्यावर आजन्म बंदी आली. त्या काळातले आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावंच लागतं. तंत्र किती आणि औषध किती, याची वाटणी आता कुणालाच करता येणार नाही.

म्हणून मला जास्त विश्वासाचा वाटतो तो लंडन आणि रिओ ऑलिंपिकमधला फरक. लंडनला २०१२ मध्ये सुवर्ण पोलंडच्या तोमाश मायेव्स्कीचं, रौप्य जर्मनीच्या डेव्हिड श्टोर्लचं. दोघेही ग्लाइडवाले, दोघांत तीन सेंटिमीटरचं अंतर. तिसरा, रीस होफा, फिरकीवाला आणि बराच मागे. चार वर्षांनी रिओत तिन्ही पदकं फिरकीला गेली. रायन क्राउझरने २२.५२ टाकून टिमरमानचा १९८८ पासूनचा ऑलिंपिक विक्रम मोडला. मग २०१९ ची दोहाची विश्वस्पर्धा. टॉम वॉल्शने पहिल्याच प्रयत्नात २२.९० टाकला. शेवटच्या फेरीत जो कोव्हॅक्सने २२.९१ टाकला, त्यामागोमाग क्राउझरने २२.९०. एक सेंटिमीटरमध्ये तिघे. क्राउझर आणि वॉल्श यांची बरोबरी त्यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या फेकीवर सोडवावी लागली. चौथा आलेल्या ब्राझीलच्या डार्लान रोमानीने २२.५३ टाकला होता. १९८७ पासून टिकलेला विश्वस्पर्धेचा विक्रम होता २२.२३. म्हणजे विक्रम मोडूनही त्याच्या गळ्यात काही पडलं नाही. आज विश्वविक्रम क्राउझरच्या नावावर आहे, २३.५६, मे २०२३, लॉस एंजेलिस. ऑलिंपिक गोळाफेकीत लागोपाठ तीन सुवर्णं घेणाराही तोच पहिला.

आता प्रश्न असा की फिरल्याने नेमकं वाढतं काय.

हिशेब वहीवर मांडता येतो. २.२ मीटर उंचीवरून, ३७ अंशांच्या कोनात, सेकंदाला १४ मीटर वेगाने सुटलेला गोळा हवेचा विरोध सोडून दिला तर पावणेबावीस मीटरच्या आसपास पडतो. वेग १३ वर आणा, गोळा १९.१० ला येतो. एका मीटरच्या वेगात पावणेतीन मीटर लांबी गेली. उलट वेग तोच ठेवून कोन ३७ चा ४२ केला तर मिळतात जेमतेम ३० सेंटिमीटर, तेही वहीवर. प्रत्यक्षात गोळा जास्त वर ढकलायला गेलं की वेगच पडतो, म्हणून मोठे खेळाडू शाळेत शिकवलेल्या ४५ अंशांच्या वाटेला जात नाहीत. ते ३५ ते ३८ च्या घरात राहतात. तेव्हा ‘वर फेक, वर फेक’ असा बाहेरून होणारा आरडाओरडा फारसा मनावर घेऊ नये. लांबी आहे ती सुटतानाच्या वेगात.

आणि हा वेग फिरण्यातून येतो, असं कुणालाही वाटेल. गरगर फिरलं की गोळा वेग घेणार आणि सुटणार. इथंच गंमत आहे. फिरकीच्या फेकींचं चित्रण करून वेग मोजले तेव्हा आढळलं की रिंगच्या मध्यावर गोळ्याचा वेग अगदी पडलेला असतो, जवळजवळ थांबल्यासारखा. ग्लाइडमध्ये तो एवढा पडत नाही. कारण गोळा मानेशी, म्हणजे फिरण्याच्या आसाजवळ असतो. शरीर पुढे चाललेलं असतं आणि खांदा अजून मागे फिरत असतो, दोन्हींची वजाबाकी होते. मग आधीची सगळी गिरकी वाया गेली का? नाही. वेग गोळ्यात नसला तरी शरीरात असतो. पाय पुढे पळालेले, कंबर वळायला लागलेली आणि खांदे मागेच अडकलेले. ओला टॉवेल दोन्ही टोकांनी उलटसुलट पिळावा तसं धड पिळलेलं असतं. तो पीळ सुटताना गोळ्याला जो झटका मिळतो, त्यात लांबी आहे.

एक फेक जवळून बघू. उजव्या हाताचा खेळाडू धरू या. तो सेक्टरकडे, म्हणजे गोळा जिथे पडायचा त्या पट्ट्याकडे, पाठ करून रिंगच्या मागच्या काठाशी उभा आहे. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळांवर आहे आणि जबड्याखाली मानेत दाबलेला. कोपर वर. धड एकदा उजवीकडे वळवून घेतो, मग वजन हळूच डाव्या पायावर. हे ‘हळूच’ महत्त्वाचं. नवखा इथंच चुकतो. वजन डाव्यावर पुरतं येण्याआधीच तो आत झोकून देतो, तोल जातो आणि पुढचं सगळं त्या तोलाच्या मागे धावण्यात संपतं. सरावलेला डाव्या पायाच्या चवड्यावर वळतो, गुडघा वाकलेला, डावा हात लांब. उजवा पाय बाहेरून मोठा फेरा घेत येतो आणि मग रिंगच्या मध्याकडे झेपावतो. क्षणभर दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. ही उडी नाही, जमिनीलगतची सरक आहे. उंच उडी मारली की खाली येईपर्यंत खांदे पुढे येऊन पोचतात आणि पीळ संपतो.

उजवा पाय मध्यावर पडतो तो चवड्यावर, आणि पडल्यापडल्या फिरतच राहतो. टाच टेकली की फिरणं मेलं. मग डावा पाय. तो जितका लवकर पुढे स्टॉप बोर्डजवळ पडेल तितकं चांगलं. मैदानावर ‘डावा, डावा!’ असं ओरडणारा सर दिसला तर समजावं, तो याच क्षणासाठी ओरडतोय. या क्षणाला पॉवर पोझिशन म्हणतात. खालचं शरीर समोर, छाती अजून मागे, गोळा उजव्या पायाच्या वर. पुढचं सगळं पापणी लवायच्या आत होतं. डावा पाय खांबासारखा ताठ होतो, डावा हात छातीशी आखडतो, त्यांनी डावी बाजू थांबते आणि उजवी बाजू तिच्याभोवती वर उसळते. आधी कंबर, मग छाती, मग खांदा, सर्वांत शेवटी हात आणि बोटं. फिरकीवाल्यांचे दोन्ही पाय पुष्कळदा गोळा सुटतासुटता जमीन सोडतात, इतका पायांचा रेटा वरच्या दिशेने असतो. मग पाय बदलून आत थांबायचं.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. फिरकी ही वेगाची कसरत कमी आणि वाट बघायची जास्त आहे. पाय पळवायचे आणि हाताला थांबवून ठेवायचं. आपल्याकडे पोरं यूट्यूबवर क्राउझरचा व्हिडिओ बघतात आणि पहिल्या दिवशी त्याच्या वेगाने फिरतात. गोळा सेक्टरबाहेर जातो, पोरगं रिंगबाहेर. आठवडाभरात निष्कर्ष निघतो की फिरकी आपल्याला जमत नाही. क्राउझर लहानपणापासून फेकणाऱ्यांच्या घरात वाढलेला आहे. बाप थाळीफेकपटू, दोन काकांपैकी एक भालेवाला, दुसरा गोळा-थाळीवाला. एवढं असूनही २०२३ मध्ये, विश्वविक्रम खिशात असताना, त्याने सुरुवातच बदलली. रिंगच्या मागच्या भागात आधी एक आडवं सरकतं पाऊल टाकायचं आणि मग गिरकीत शिरायचं, असं नवं काढलं आणि स्वतःचाच विक्रम मोडला.

उंचीचाही एक समज होता. उंच धिप्पाड गड्याने ग्लाइड करावा, बुटक्या चपळाने फिरावं. कोव्हॅक्स सहा फुटांच्या आसपासचा, त्याला हा नियम लागू पडतो. क्राउझर दोन मीटर उंचीचा, त्याने नियम मोडीत काढला. आता उंचीपेक्षा पाय किती हलके आहेत हे बघितलेलं बरं.

महिलांकडे हे वारं उशिरा पोचलं. रिओला मिशेल कार्टर, टोकियोला गोंग लिजियाओ, दोघी ग्लाइडवाल्या सुवर्णविजेत्या. पॅरिसला २०२४ मध्ये जर्मनीच्या येमिसी ओगुनलेयेने फिरकीने बरोबर २०.०० मीटर टाकून सुवर्ण घेतलं. मागे न्यूझीलंडची मॅडिसन-ली वेश १९.८६ वर होती. तरी ग्लाइड मेलेला नाही. महिलांचा विश्वविक्रम तर अजून नताल्या लिसोव्हस्कायाच्या १९८७ च्या २२.६३ वरच अडकलाय, तोही ग्लाइडचाच. अर्थात तो जमाना कोणता, हे वर आलंच आहे.

थाळीचं गणित थोडं वेगळं. सुरुवातीची पावलं तीच, पण हात पूर्ण लांब आणि मागे राहिलेला. गोळ्यात पीळ टिकवायला मानेचा आधार असतो, थाळीत हात शरीरामागून ओढत आणावा लागतो. घाईत हात पुढे आला की थाळी गेलीच म्हणून समजा. सुटताना ती तर्जनीवरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत जाते. त्या फिरण्यानेच ती हवेत स्थिर राहते. आणि मग वारा. गोळ्याला वाऱ्याशी देणंघेणं नाही, थाळीला समोरून, थोडा उजवीकडून येणारा वारा उचलून धरतो. पुरुषांचा युर्गेन शुल्टचा ७४.०८ चा विक्रम १९८६ पासून जवळजवळ ३८ वर्षं टिकला. तो एप्रिल २०२४ मध्ये लिथुआनियाच्या मिकोलास आलेक्नाने ओक्लाहोमातल्या रामोना गावी मोडला, पुढच्या वर्षी त्याच गावी ७५.५६ वर नेला. रामोनाचं मैदान उघड्या माळावर आहे, वारा हवा तसा मिळतो. त्याच आलेक्नाला पॅरिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये ६९.९७ वर रौप्य मिळालं. जमैकाचा रोजे स्टोना ७०.०० टाकून पुढे गेला. साडेपाच मीटरचा फरक एकाच माणसाच्या फेकीत. काहींना हे वाऱ्याचे विक्रम खटकतात. मला वाटतं, समोरचा वारा पकडायला थाळी सपाट आणि स्वच्छ सुटावी लागते, डगमगणारी थाळी तोच वारा खाली पाडतो.

महिलांच्या थाळीत टोकियो आणि पॅरिस अशी दोन्ही सुवर्णं जिंकणारी अमेरिकेची व्हॅलरी ऑलमन मूळची नर्तिका. शाळेतल्या फेकणाऱ्यांच्या संघात दरवर्षी स्पॅगेटीची मेजवानी असायची, त्या जेवणाच्या ओढीने ती मैदानावर आली. गिरक्या तिच्या पायांत आधीच होत्या, थाळी नंतर हातात आली. आपल्याकडे जाडजूड पोरगं दिसलं की त्याला गोळा द्यायचा, अशी निवड अजून चालते. लेझीम आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलामुलींचे पाय एकदा बघावेत, असं या निमित्ताने सुचवावंसं वाटतं.

भारताला थाळीचा वारसा बरा आहे. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेतला भीम सगळ्यांना आठवतो. ते प्रवीणकुमार सोबती. १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई स्पर्धांत थाळीचं सुवर्ण त्यांचं. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया, हरवंत कौर आणि सीमा अंतिल यांनी थाळीची तिन्ही पदकं भारतातच ठेवली. विकास गौडाने २०१४ ला ग्लासगोत सुवर्ण घेतलं. गोळ्यात तजिंदरपालसिंग तूरने २०२३ ला भुवनेश्वरमध्ये २१.७७ टाकला. महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या आभा खटुआने मे २०२४ मध्ये तिथंच १८.४१ चा राष्ट्रीय विक्रम केला. आणि सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ ४६ गटात १६.३२ टाकून रौप्य आणलं. माणदेशातल्या दुष्काळी पट्ट्यातून हे येतं, तेव्हा कसाची कमतरता नाही एवढं तरी मान्य करायला हवं.

फिरकी शिकायचीच असेल तर वाट उलटी धरावी लागते. आधी जागेवरून फेक, पॉवर पोझिशन पक्की होईपर्यंत. मग ज्याला सगळे ‘साउथ आफ्रिकन’ म्हणतात तो सराव. समोर तोंड करून डाव्या पायावरून रिंगमध्ये शिरायचं आणि मध्यावर उजवा पाय फिरवत टाकायचा. पूर्ण गिरकी सर्वांत शेवटी, आणि तीही आधी रिकाम्या हाताने, मग हलक्या वजनाने. जागतिक नियमांतही वयाप्रमाणे वजनं हलकी आहेत. १८ खालच्या मुलांना ५ किलोचा गोळा आणि दीड किलोची थाळी, मुलींना ३ किलोचा गोळा. तरीही शाळेत एकच गोळा असतो आणि तो मोठ्यांचा असतो, हे चित्र अनेक ठिकाणी आहे. जड गोळ्याने फिरायला शिकलेलं मूल पाय विसरतं, मनगट आणि पाठ दुखवून घेतं. आणि ज्याची चाचणी पुढच्या महिन्यात आहे त्या भरतीच्या पोराने फिरकीच्या नादी लागू नये. त्याने ग्लाइड शिकावा, नुसता डावा पाय वेळेवर टेकायला शिकला तरी त्याचा गोळा पुढे पडेल. फिरकीला हंगाम जावे लागतात, आणि त्यातही मोठ्या स्पर्धेत फाउल जास्त होतात ही तिची किंमत आहे.

पण सगळ्यांत मोठी अडचण पायांखाली आहे. चवड्यावर फिरायला कडक, सपाट जमीन लागते. आपल्या बहुतेक शाळांत मातीवर फक्कीने गोल आखतात. मातीत चवडा रुततो, पाय फिरतच नाही. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रिंग आहे, पण माळशिरसच्या किंवा मेहकरच्या मुलीने रोज बालेवाडीला कसं जायचं? जो कोव्हॅक्सच्या शाळेलाही मैदान नव्हतं. त्याची आई त्याचा सराव शाळेच्या पार्किंगमध्ये घ्यायची. गाड्या लावायची जागा असली तरी ती पक्की होती, पाय फिरत होता.

गोळ्याची रिंग म्हणजे साडेतीन चौरस मीटरचं काँक्रीट. दहा सेंटिमीटर जाडीचं केलं तर अर्धा घनमीटर मालसुद्धा लागत नाही. भोवती लोखंडी कडं, आतला पृष्ठभाग काठापेक्षा दोनेक सेंटिमीटर खोल, फार गुळगुळीत नाही, फार खरखरीतही नाही. गावच्या शाळेत पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमान बसवायला निधी मिळतो, तर हेही बसू शकतं. शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, ग्रामपंचायतीत असाल किंवा जुने विद्यार्थी म्हणून देणगी द्यायच्या विचारात असाल, तर यंदा एक रिंग बांधून द्या. सोबत ३ आणि ४ किलोचे दोन गोळे ठेवा.